राखीव माळरानावर मदतनिधीची दौड भरवताना: कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

तारीख जाहीर झाली, पोस्टर फिरलं, टी-शर्ट छापायला गेले, शेकडो जणांनी पैसेही भरले. आणि मग कुणीतरी विचारतं, "वन खात्याला कळवलंय ना?" धावण्याचे गट आता तालुक्यातालुक्यांत झाले आहेत आणि चांगल्या कामासाठी निधी उभा करायची त्यांची तळमळ खरी आहे, पण कामाचा हा उलटा क्रम सारखा दिसतो. परवानगी नाकारली गेली तर लोकांचे पैसे अडकतात आणि संस्थेचं नाव खराब होतं. परवानगी घाईघाईत ओळखीने मिळाली तर त्याहून वाईट, कारण मग चुकीच्या महिन्यात, चुकीच्या वाटेवर, नको तितकी माणसं रानात शिरतात.

क्रम असा हवा: आधी जमीन, मग हंगाम, मग वाट. वाटेवरून माणसांची संख्या, त्या संख्येसह परवानगी आणि परवानगी हातात आल्यावर जाहिरात. रस्त्यावरच्या शर्यतीत आपण आधी संख्या ठरवतो आणि तिला पुरेल असा रस्ता शोधतो. रानात किती माणसं मावतील ते रान ठरवतं.

इथली उदाहरणं पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या पट्ट्यातल्या माळरानांची आहेत. कोकणात किंवा विदर्भात झाडोरा वेगळा, जनावरं वेगळी, पण कामांचा क्रम हाच.

टप्पा १: जमीन कुणाची आणि कोणत्या दर्जाची, ते कागदावर पाहा

डोळ्यांना सलग दिसणाऱ्या एकाच माळात वन खात्याचं राखीव वन, गावाचं गायरान आणि खासगी पडीक रान असं तिन्ही असू शकतं. त्यामुळे पहिलं काम कागदांचं.

१. ज्या भागातून धावायचं त्याचे गट क्रमांक काढा, सातबारा आणि गट नकाशा पाहा.
२. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन वन खात्याच्या नकाशावर तोच भाग दाखवा आणि कक्ष क्रमांक (वन खात्याने रानाचे जे भाग पाडलेत, त्यांतल्या आपल्या भागाचा नंबर) लिहून घ्या.
३. तो भाग प्रादेशिक वन विभागाकडे आहे की वन्यजीव विभागाकडे, हे विचारा. अर्ज कुणाच्या नावाने करायचा ते यावरून ठरतं.
४. अभयारण्य, संवर्धन राखीव क्षेत्र, जैवविविधता वारसा स्थळ किंवा परिसंवेदनशील क्षेत्र यांपैकी कशाची हद्द तिथे लागते का, हे लेखी मागा.

चौथा मुद्दा बहुतेकांच्या हातून सुटतो. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचं नाव आहे म्हणजे मोकळीक आहे, असं नसतं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत खासगी शेतंसुद्धा येतात.

अभयारण्यात दौड नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेश मोजक्या कारणांसाठीच मिळतो: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या लोकांशी असलेलं कायदेशीर काम. शर्यत या यादीत बसवायला ओढाताण करावी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी जागेचा हिशेब पाहा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य तर सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. एवढ्या जागेत पाच किलोमीटरचा फेरा आखला तर चिंकारा किंवा काळवीट जाणार कुठे? बाहेर शेतं, रस्ते आणि गावातली कुत्री.

म्हणून वन खात्याच्या ताब्यातलं, पण गस्तीच्या किंवा बैलगाडीच्या वाटा आधीपासून वापरात असलेलं माळरान शोधा, आणि त्याचीही कडेची बाजू घ्या. बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळ किंवा इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीसारख्या ठिकाणी माळरान सफारी चालते. तशा जागी सफारीच्या गाड्यांची वाट आणि वेळ आधी विचारून घ्या.

थांबा: वनरक्षकाने तोंडी "या, काही अडचण नाही" म्हटलं, ही परवानगी नव्हे. तो अधिकार त्याचा नाही, आणि पुढे काही घडलं तर भरडला तोच जातो.

टप्पा २: हंगाम निवडा, मग रविवार

जागतिक अमुक दिन, संस्थेचा वर्धापनदिन, कुणाचा तरी वाढदिवस अशा तारखा धरून लोक सुरुवात करतात. माळाचं वर्ष वेगळं चालतं.

जून ते सप्टेंबर विषय सोडून द्या. गवत उगवतं, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वीण चालू असते, आणि ओल्या मातीत उमटलेले शेकडो पाय पुढे महिनोन्महिने दिसत राहतात. काळ्या मातीत तर बुटाला चिखलाचे गोळे चिकटतात आणि धावपटू वाट सोडून कडेच्या गवतातून पळू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवत कमरेएवढं, त्यात साप दिसत नाहीत, ऑक्टोबरात वर उन्हाचा तडाखा. मध्य फेब्रुवारीनंतर वणव्याचा हंगाम धरला जातो आणि मार्चपासून टिटवी, धाविक यांची घरटी उघड्या माळावर दिसू लागतात. घरटं म्हणजे खड्यांमधला एक खळगा, धावणाऱ्याला तो दिसणं शक्यच नाही.

उरतात डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. हाच काळ योग्य, पण तोही पूर्ण मोकळा नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीला लांडग्याची पिल्लं गुहेत किंवा बिळात असतात. परदेशातून आलेले भोवत्या पक्षी रात्री उंच गवतात, जमिनीवरच, थव्याने मुक्काम करतात. तेव्हा तारीख नक्की करण्याआधी वनरक्षक आणि त्या माळावर नियमित जाणारे पक्षीनिरीक्षक यांना एकच विचारा: कोणता भाग पूर्ण टाळायचा? तेवढं उत्तर पुरे. गुहा नेमकी कुठे आहे हे विचारू नका. कळलंच तर नकाशावर लिहू नका, स्वयंसेवकांच्या गटावर टाकू नका. फोटोसाठी तिथे गर्दी झाली की मादी पिल्लं उचलून दुसरीकडे हलवते आणि त्यात पिल्लं दगावू शकतात.

सुरुवातीची वेळ सूर्योदयानंतर किमान अर्धा तास. जानेवारीत या भागात सूर्य साधारण सात वाजता उगवतो, म्हणजे साडेसात. "ऊन लागेल, सहाला सोडा" असा आग्रह अनुभवी धावपटूच धरतात. ऐकू नका. पहाटे कोल्हा, लांडगा, तरस परतीच्या वाटेवर असतात आणि भोवत्या अजून गवतात असतात. हिवाळ्यात साडेसातला सुरुवात करूनही १० किलोमीटर आरामात होतात.

टप्पा ३: वाट आखा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सगळा आराखडा पायी फिरून करा. उपग्रहाच्या चित्रावर छान दिसणारी वाट प्रत्यक्षात चरांनी भरलेली निघते.

पहिला नियम: सुरुवात, शेवट, गाड्या लावण्याची जागा, स्वच्छतागृहं, मांडव आणि नाश्ता हे सगळं राखीव जागेच्या बाहेर. गावातल्या शाळेचं मैदान त्याला उत्तम. शाळेला भाडं द्या, ग्रामपंचायतीचं पत्र घ्या. मैदानापासून रानाच्या तोंडापर्यंत पाऊण-एक किलोमीटरचा रुंद कच्चा रस्ता मिळाला तर फारच चांगलं, कारण घोळका तिथेच पांगतो आणि अरुंद वाटेवर माणसं एकामागोमाग शिरतात. सुरुवात थेट अरुंद वाटेवर ठेवली की मागचे पुढच्यांना गाठायला गवतात उतरतात. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत तुडवलं जातं ते बहुतेक या पहिल्या अर्ध्या किलोमीटरात.

दुसरा नियम: नवी वाट पाडायची नाही. गस्तीची वाट, गाडीवाट, जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), एवढ्यावरच आखणी करा. "इथून शंभर मीटर कापलं तर अंतर बरोबर पाच भरतं" हा मोह टाळा. ४.७ किलोमीटर भरत असेल तर ४.७ म्हणून जाहीर करा. रानातल्या दौडीत विक्रमाची नोंद होत नसते, लोक समजून घेतात. अंतर एकाच घड्याळावर विसंबून सांगू नका. तीन-चार जणांच्या घड्याळांची सरासरी काढा.

तिसरा नियम: १० किलोमीटरसाठी वेगळी वाट नको. पाचाचाच फेरा दोनदा. रानाचा अर्धाच भाग हलतो, स्वयंसेवक अर्धेच लागतात आणि कुणी पडलं तर शोधायची जागाही अर्धीच.

आता प्रत्यक्ष चालताना काय पाहायचं ते सांगतो.

सलग समतल चर हा माळावरचा सगळ्यात मोठा धोका. पाणी मुरवण्यासाठी खणलेले हे चर गवताने झाकले जातात आणि पाय थेट आत जातो. घोटा तिथे मोडतो. वाटेला लागून चर असेल तर दोन्ही टोकांना काठी रोवून दोरी बांधा.

कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी यांच्या जवळून वाट जात असेल तर वाट बदला. तिथे स्वयंसेवक उभा करून भागत नाही.

शेताच्या बांधाला रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, म्हणजे विजेचा झटका देणारी तार, असतं. त्या शेतकऱ्याला भेटा आणि त्या सकाळी ते बंद ठेवायची विनंती करा. तरीही तार चालूच आहे असं धरून वाट लांबून न्या.

पाणवठे आणि वनतळी यांच्यापासून शक्य तितकं दूर राहा. सकाळी जनावरं तिथे येतात.

आग्या मोहोळ. मोठी झाडं, कडे, जुने पूल, पाण्याच्या टाक्या यांवर मान वर करून पाहा. वाटेच्या आसपास पोळं दिसलं तर वाट बदला. पोळं काढायला माणूस बोलवू नका, धूर तर मुळीच नको. दौडीच्या आठवड्यात पुन्हा पाहा, कारण आग्या माश्या हंगामानुसार जागा बदलतात.

मेंढपाळ. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे (मेंढरांसकट तात्पुरते मुक्काम) माळांवर उतरलेले असतात. त्यांना आधी भेटा, तारीख-वेळ सांगा आणि कळप त्या सकाळी कोणत्या बाजूला असेल ते विचारा. मेंढ्यांमधून पन्नास माणसं धावत गेली की कळप फुटतो आणि राखणीची कुत्री अंगावर येतात. चूक कुत्र्यांची नसते. कोणता उतार घसरडा, पाणी कुठे साचतं, लांडगा कुठून येतो, हेही तेच नेमकं सांगतात.

तपासा: संपूर्ण वाट दोनदा चाला, एकदा सुलट, एकदा उलट. दुसऱ्या वेळी असा माणूस सोबत घ्या ज्याने ती कधीच पाहिलेली नाही. तो जिथे थबकेल तिथे खूण हवी.

टप्पा ४: संख्या काढा

फेरा पाच किलोमीटरचा, वाट गाडीवाटेइतकी रुंद, असं धरू. चाळीस-चाळीसच्या तुकड्या पाच मिनिटांच्या अंतराने सोडल्या तर सहा तुकड्या ७:३० ते ७:५५ मध्ये निघतात. म्हणजे २४० माणसं. १० किलोमीटरवाले पहिल्या दोन तुकड्यांत, त्यांना कमाल दीड तास. ५ किलोमीटर चालणारे शेवटच्या तुकडीत, त्यांना एक तास. सव्वानऊपर्यंत रान रिकामं होतं.

यापेक्षा जास्त माणसं हवी असतील तर तुकड्या वाढवाव्या लागतील, म्हणजे रान आणखी उशिरापर्यंत हलतं राहील. माझ्या मते अडीचशेच्या पुढे जाऊच नये. निधी जास्त हवा असेल तर माणशी देणगी वाढवा किंवा गावाच्या रस्त्यावर वेगळी चालण्याची फेरी ठेवा. जे धावू शकत नाहीत तेही मग सामील होतात.

दुसऱ्या फेऱ्यातले वेगवान धावपटू चालणाऱ्यांना मागून गाठणार. त्यासाठी एकच नियम पुरतो: सावकाश जाणारे डाव्या बाजूने, पुढे जाणाऱ्याने आवाज देऊन उजवीकडून.

परवानगीत लिहायचा आकडा मात्र धावपटू अधिक रानात उभे राहणारे स्वयंसेवक, असा एकत्र. इथे बरेच जण चुकतात आणि ऐनवेळी प्रवेशद्वारावर वाद होतो.

टप्पा ५: परवानगीचा अर्ज

किमान तीन महिने आधी, त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांच्या नावे, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत. पोच घ्या. अर्जासोबत नकाशा (कक्ष क्रमांकासह), तारीख, आत शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ, एकूण माणसं, आणि पुढच्या गोष्टी तुम्ही स्वतःहून लिहून द्या:

- रानात एकही वाहन येणार नाही, रुग्णवाहिका गरज पडली तरच.
- ध्वनिवर्धक, ढोल, शिट्ट्या, फटाके, रंगीत धूर, ड्रोन यांपैकी काहीही नाही.
- खोदकाम, खिळे, रंग, चुना, कमान नाही.
- सगळ्या खुणा त्याच दिवशी काढल्या जातील.
- वन खात्याने कोणत्याही क्षणी थांबा म्हटलं तर दौड थांबेल.

शेवटचं वाक्य बरेच जण लिहायला कचरतात. पण अधिकाऱ्याला त्यानेच विश्वास वाटतो, आणि तुमच्यासाठीही ते सोयीचं आहे: वणवा, पाऊस किंवा वाटेवर आलेलं जनावर यांमुळे दौड रद्द करावी लागली तर निर्णय कुणाचा यावर भांडण होत नाही.

प्रती पाठवा: ग्रामपंचायत, स्थानिक पोलीस ठाणे, संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर ती, आणि जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. शाळेच्या मैदानावर ध्वनिवर्धक लावणार असाल तर त्याची लेखी परवानगी वेगळी, आणि त्याचं तोंड रानाकडे नको.

थांबा: लेखी परवानगी येईपर्यंत पोस्टर नाही, "तारीख राखून ठेवा" असा निरोपही नाही. एकदा तारीख फिरली की ती परत घेता येत नाही.

टप्पा ६: पैशाची चौकट

निधी कुणासाठी, किती आणि कसा जाणार, हे नोंदणी उघडण्याआधी एका परिच्छेदात लिहून काढा. "पर्यावरणासाठी" हे उत्तर नव्हे. "अमुक गावच्या शाळेत पाण्याची टाकी", "वनमजुरांसाठी बूट आणि आग विझवण्याची साधनं", असं नेमकं हवं.

पैसा नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातच घ्या. क्यूआर कोड व्यक्तीच्या नावाचा असेल तर देणारा बिचकतो, आणि त्याचं बरोबरच असतं. नोंदणीकृत न्यास नसताना गटाने मिळून निधी गोळा करायचा असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाकडून सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच.

प्रवेश शुल्क आणि देणगी वेगळ्या ओळीत घ्या. टी-शर्ट, नाश्ता, पदक यांच्या बदल्यात दिलेले पैसे म्हणजे देणगी नव्हे. त्यावर करसवलतीची पावती देऊ नका. लोक '८०जी' म्हणून विचारतात ती देणगीवरची आयकर सवलत संस्थेला तशी मान्यता असेल तरच, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ती मिळत नाही. शिवाय देणगीदाराला मिळणारं प्रमाणपत्र संस्थेने आयकर विभागाकडे भरलेल्या तपशिलावरूनच निघतं, म्हणून नाव, पत्ता आणि पॅन नोंदणीच्या वेळीच घ्या. मार्चमध्ये शेकडो जणांना फोन करत बसण्याची वेळ येते ती हे राहिल्यामुळे.

दुबई, लंडन, न्यू जर्सीतून नातेवाईक आणि मित्र मदत करू पाहतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याकडून संस्थेला पैसे घ्यायचे तर परकीय योगदान कायद्याखालची नोंदणी लागते. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. नोंदणी अर्जात हा प्रश्न विचारून टाका.

खर्च शक्यतो प्रायोजकांकडून भागवा, म्हणजे लोकांचा पैसा पूर्ण कामाला जातो. पण प्रायोजकाला आधीच सांगा की रानात त्याचा एकही फलक लागणार नाही.

टप्पा ७: नोंदणी आणि सूचना

आता जाहिरात करा. नोंदणी अर्जात वय, रक्तगट, आजार, सध्याची औषधं, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन घ्या. अठराखालच्यांसाठी पालकांची सही. "माझ्या जबाबदारीवर धावतो" ही सही घेतली म्हणजे आयोजकाचा हलगर्जीपणा माफ होत नाही. अपघात विमा आणि आयोजकाच्या दायित्वाचा विमा दोन्ही काढा. रद्द झाल्यास पैशाचं काय होणार, तेही इथेच लिहा.

आठवडाभर आधी जाणाऱ्या सूचना थोड्या आणि ठाम हव्यात:

- बुटांचे तळवे घरी ब्रशने घासून धुऊन या. खाचांत अडकलेलं गाजर गवताचं बी एका रानातून दुसऱ्या रानात असंच जातं. मैदानावर ब्रश आणि पाण्याची बादली ठेवा, आणि प्रत्येकाला तिथूनच आत सोडा.
- लांब मोजे घाला. डिसेंबरात कुसळ वाळलेलं असतं, मोज्यातून आत शिरतं आणि दर पावलाला टोचतं. आखूड मोज्यांवर आलेले धावपटू निम्म्या वाटेवर बसून कुसळं काढत असतात.
- अत्तर, सुगंधी फवारे नकोत. मधमाश्यांना ते आवडत नाही.
- पाण्याचा पेला स्वतःचा आणा. कागदी किंवा प्लॅस्टिकचा पेला मिळणार नाही.
- कुत्रा, बिडी-सिगारेट, काडेपेटी, ब्लूटूथ स्पीकर घेऊन आलेल्याला आत सोडणार नाही.

सिंधुदुर्ग किंवा गोव्याच्या सत्तरी भागात दौड असेल तर माकडतापाची माहिती आरोग्य खात्याकडून घ्या. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका याच थंडी-उन्हाळ्यात असतो.

टप्पा ८: पाणी आणि उपचार

हिवाळ्याच्या सकाळी ५ किलोमीटरसाठी रानात पाण्याचं टेबल लागत नाही. मैदानावर पाणी द्या. दोन फेरेवाल्यांना मधे तिथेच पाणी मिळतं. केळी, संत्री, चिक्कीही फक्त मैदानावर. रानात एक केळ्याचं सालही पडता कामा नये.

डॉक्टर आणि रुग्णवाहिका मैदानावर, आणि रानाच्या तोंडाशी स्ट्रेचरसह चार माणसं. १०८ वर अवलंबून राहून आपली रुग्णवाहिका टाळू नका. ती आणीबाणीसाठी सगळ्या तालुक्याची असते. आदल्या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन सर्पदंशावरचं प्रतिविष (लोक त्याला लस म्हणतात) कुठे आहे, रविवारी सकाळी डॉक्टर कोण, हे समक्ष विचारा.

स्वयंसेवकांना तीन गोष्टी पाठ हव्यात. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, तो अवयव हलू द्यायचा नाही आणि रुग्णाला न चालवता उचलून न्यायचं. माश्या उठल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड कापडाने झाकून सरळ दूर पळायचं, आणि मागच्या तुकड्या तिथल्या तिथे थांबवायच्या. उष्माघाताची शंका आली, म्हणजे माणूस असंबद्ध बोलतोय, अंग तापलंय, तर आधी पाण्याने आणि ओल्या चादरींनी थंड करायचं, मग रुग्णालय.

तपासा: वाटेवर कोणत्या कंपनीच्या सिमला कुठे रेंज आहे, ते चालत जाऊन लिहा. रेंज नसलेल्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना माणूस हवा.

टप्पा ९: खुणा लावा, आदल्या संध्याकाळी

फक्की मारायची ती मैदानावरच. रानात सुती कापडाच्या पट्ट्या आणि बांबूच्या काठ्या. झाडाला खिळा नाही, दगडावर रंग नाही. बाण काढायला पीठही नको, मुंग्या आणि पक्षी तो सकाळपर्यंत संपवतात.

प्रत्येक खुणेला क्रमांक द्या, ओळीने. याचे दोन उपयोग. पडलेला धावपटू "२३ नंबरजवळ आहे" एवढं सांगू शकतो, आणि दौडीनंतर मोजून सगळ्या काढता येतात. सरळ वाटेवर साधारण शंभर मीटरला एक. वळणावर तीन: वळणाआधी, वळणावर आणि वळून गेल्यावर थोड्या अंतरावर. ही तिसरी खूण लोक विसरतात, आणि धावपटू हरवतात ते नेमके तिथेच, कारण आपण बरोबर वळलो का हे त्यांना कळत नाही. जी वाट घ्यायची नाही तिच्या तोंडावर आडवी दोरी लावा.

सूर्यास्ताच्या आत बाहेर पडा. रात्रीत शेळ्या-गुरं पट्ट्या खातात, वाऱ्याने काठ्या पडतात, म्हणून सूर्य उगवल्यावर दोघांनी पूर्ण फेरा मारून खुणा नीट कराव्यात. त्यांच्या पाठीवर वीस-पंचवीस जादा पट्ट्या असू द्या.

टप्पा १०: दौडीची सकाळ

१. ६:००: मैदान सुरू. वनरक्षकाशी बोलणं. रात्री काही दिसलं का, कुठे धूर आहे का?
२. ७:००: खुणा तपासणारी जोडी आत. स्वयंसेवक आपापल्या जागी.
३. ७:१५: जोडी निम्मा फेरा तपासून फोन करते. अडचण असेल तर सुरुवात पुढे ढकला, घाई नको.
४. ७:२५: सूचना, दोन मिनिटांत. भाषणं, सत्कार, दीपप्रज्वलन दौड संपल्यावर. पाहुणे उशिरा आले म्हणून सुरुवात लांबली की सगळं वेळापत्रक उन्हात सरकतं.
५. ७:३०: पहिली तुकडी. तुकडी आत सोडताना मोजा आणि वहीत आकडा लिहा.
६. शेवटच्या तुकडीमागे दोन स्वीपर (मागे कुणी राहिलं नाही ना हे पाहणारे), शेवटच्या माणसाच्या मागेच. त्यांच्याआधी कोणत्याही स्वयंसेवकाने जागा सोडायची नाही.
७. आत गेलेले आणि बाहेर आलेले आकडे जुळल्याशिवाय "संपलं" म्हणायचं नाही. कुणी मधेच सोडून परस्पर घरी गेलं तर शोधाशोध होते. दौड सोडणाऱ्याने बिब (छातीवर लावायचा क्रमांक) परत दिलाच पाहिजे, हे सूचनेत दोनदा सांगा.

गवतात धूर दिसला तर दौड तिथेच थांबवा, सगळ्यांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने, जवळच्या जाळरेषेकडे न्या आणि वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वाटेवर जनावर दिसलं तर तुकडी थांबवून त्याला जाऊ द्या. मोबाइल काढून मागे धावणाऱ्याला बाद करा, तो कितीही ओळखीचा असला तरी.

आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला असेल तर पहाटे वाटेवर टाच दाबून पाहा. टाच रुतली तर दौड रद्द. मैदानावर गावकऱ्यांसोबत नाश्ता करा, जमलेली देणगी जाहीर करा आणि घरी जा.

टप्पा ११: खुणा काढा आणि हिशेब द्या

स्वीपर बाहेर आल्यावर लगेच, जेवणाआधी, दोन जोड्या फेऱ्यावर विरुद्ध दिशांनी पाठवा. खुणा क्रमांकाने गोळा करा. ८० लावल्या असतील तर ८० परत यायला हव्यात. एखादी कमी भरली तर तिचा क्रमांक माहीत असतो, तिथेच जाऊन शोधा. पिना, एनर्जी जेलची पाकिटं, केसांचे रबर गवतात खोल असतात, म्हणून ही जोडी चालणारी असावी, धावणारी नव्हे.

ज्या चार-पाच ठिकाणी तुम्ही दौडीआधी फोटो काढले होते, तिथूनच पुन्हा काढा. गवत कुठे तुडवलं गेलं, वाट कुठे रुंदावली, ते लिहा आणि फोटोंसह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आठवड्याच्या आत द्या. वाईट दिसणारे फोटो वगळू नका. पुढच्या वर्षी वाट कुठे बदलायची ते त्यांवरूनच कळणार असतं.

हिशेब महिन्याच्या आत. किती शुल्क आलं, किती देणगी, प्रायोजकांचे किती, खर्च कशावर आणि पैसे कोणत्या तारखेला कुणाच्या खात्यात गेले, हे एका पानावर मांडून सगळ्या धावपटूंना, ग्रामपंचायतीला आणि शाळेला पाठवा. निधी धनादेशाने किंवा थेट खात्यात द्या आणि पोचपावतीची प्रत त्याच पानाला जोडा. टाकी बांधली गेली किंवा बूट वाटले गेले की त्याची माहिती पुन्हा एकदा त्याच सगळ्यांना पाठवा.